मोठ्या सरांचा उजवा गाल

इस्पितळाच्या तळघरात, सीटी स्कॅनच्या मशीनला लागून, एक बिनखिडकीची खोली होती आणि त्या खोलीत बसून मिमी लोकांच्या गालांची हाडं मोजायची. मिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ही बाई दर वाक्यात 'मि.मी.' म्हणते असं मोठ्या सरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते नाव पाडलं. मोठ्या सरांनी पाडलेलं नाव पुसायची इस्पितळात कोणाची छाती नव्हती. पुढे लिफ्टवालासुद्धा तिला मिमीताई म्हणायला लागला, आणि एकदा तिच्या नवऱ्यानेही फोनवर तशीच हाक मारली, तेव्हा तिने हात टेकले.

काम सांगायला सोपं होतं. कोणी मोटरसायकलवरून पडायचा, कोणी मारामारी सोडवायला जाऊन मध्ये सापडायचा, कोणी बाथरूममध्ये घसरायची. गालाचं हाड मोडून आत गेलं की चेहऱ्याची तेवढी बाजू बसते. अशा माणसाचा स्कॅन झाला की त्याची कवटी मिमीच्या पडद्यावर यायची. चेहऱ्याच्या मधोमध ती एक रेषा धरायची, धड बाजू त्या रेषेवरून आरशातल्यासारखी उलटी करून मोडक्या बाजूवर ठेवायची, आणि मोडलेला तुकडा किती पुढे, किती वर, किती बाहेर आणायचा हे मोजून सर्जनला द्यायची. मग कोपऱ्यातलं मशीन त्या कवटीची प्लास्टिकची प्रत छापायचं. त्या प्रतीवर धातूच्या पट्ट्या आधीच वाकवून ठेवल्या की ऑपरेशनच्या टेबलावर झटापट वाचायची.

मिमीच्या आईला हे कधीच नीट समजलं नाही. "आज कोणाचं नाक केलंस गं?" असं ती जेवताना विचारायची.

"नाक नाही, आई. गाल."

"तेच ते. जवळच आहे."

हे सगळं मोठ्या सरांनी उभं केलं होतं. सर म्हणजे तुटलेल्या चेहऱ्यांचे सर्जन, नाकावर माशी बसू न देणारे. त्यांच्या हाताखाली शिकलेले लोक आता स्वतः मोठे सर्जन झाले होते आणि अजूनही त्यांचा फोन आला की उभं राहून बोलायचे. पेशंटला सांगायची सरांची दोन वाक्यं ठरलेली होती. पहिलं, "आम्ही चेहरा परत देतो, नवा देत नाही." आणि ऑपरेशननंतर कोणी आरसा घेऊन कुरकुरत आलं तर दुसरं, "दोन मिलिमीटर तुमच्या सासूलाही दिसणार नाहीत." पेशंट गप्प व्हायचे. ज्यांना सासू नव्हती तेही.

अशा माणसाच्या तोंडावर पार्किंगचा दांडा पडला.

गाड्या आत-बाहेर सोडायला फाटकाशी जो आडवा दांडा वर-खाली होतो, तोच. सर त्याखालून पायी चालले होते. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला वेगळी वाट होती, पण ती सरांसाठी आहे असं सरांना कधी वाटलं नव्हतं. कानाला फोन होता आणि फोनवर ते कोणालातरी "घाई करू नका" असं बजावत होते. पुढची गाडी निघून गेली, दांडा खाली यायला लागला, आवाज कसला म्हणून सरांनी मान वळवून वर पाहिलं. पाहिलं नसतं तर टेंगळावर भागलं असतं.

वॉचमनची पाचावर धारण बसली. सरांनी एका हाताने गाल धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा मोबाईल त्याच्यापुढे केला. "उजव्या गालाचं हाड. बहुतेक डोळ्याचा तळही. स्कॅनला सांग, फोन कर." त्यातलं 'फोन कर' एवढंच वॉचमनला समजलं. त्याने त्याच मोबाईलवर 'घर' असं दिसलं तिथे फोन लावला. त्यामुळे स्ट्रेचर यायच्या आधी सरांची बायको रिक्षाने पोचली आणि म्हणाली, "अहो, बाजूची वाट कशाला केलीय?"

स्कॅन झाला. मिमीने नेहमीसारखा तो पडद्यावर उघडला आणि कोणाची कवटी आहे हे न वाचताच कामाला लागली. वाचल्यावर तिने हात मागे घेतले, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पुढे केले. सरांचं निदान बरोबर होतं. गालाचं हाड तीन ठिकाणी सुटून आत आणि मागे गेलं होतं. शिवाय डोळा ज्या खोबणीत बसतो तिचा तळ, जो मुळातच अंड्याच्या टरफलासारखा पातळ असतो, तो फुटला होता, आणि डोळ्याखालचं मऊ मांस त्या भोकात अडकलं होतं. डोळा वर फिरवायला गेला की तिथे आखडायचा. दोन डोळे दोन दिशांना पाहत असले की माणसाला एकाचे दोन दिसतात.

ऑपरेशन कोण करणार हा प्रश्नच नव्हता. सरांनंतर इस्पितळात या कामात एकच माणूस होता, धाकटे डॉक्टर. धाकट्या डॉक्टरांचे केस पिकले होते, त्यांच्या मुलाला मिशा फुटल्या होत्या, पण मोठे सर होते तोवर ते धाकटेच राहणार होते. इतकी वर्षं त्यांनी सरांसमोर एकच वाक्य बोललेलं सगळ्यांना ठाऊक होतं. ते वाक्य होतं, "हो, सर."

सूज उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. सरांना वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोपवलं. ते झोपले नाहीत. दुसऱ्याच दिवशी इस्पितळाचा मागून बांधायचा झगा, त्यावर स्वतःचा पांढरा कोट आणि पायात सपाता अशा थाटात ते मिमीच्या दारात उभे राहिले. उजवी बाजू वांग्याच्या रंगाची झाली होती आणि डोळ्याची फक्त एक चीर उघडी होती.

"दाखव," सर म्हणाले.

"सर, पेशंटला प्लॅन दाखवायचा नाही असं तुम्हीच..."

"मी पेशंट नाही. मी गाल मोडलेला सर्जन आहे. सरक."

मिमी सरकली. सरांनी माऊस घ्यायला हात पुढे केला आणि माऊसच्या शेजारची टेबलाची जागा पकडली. मिमीने काही न बोलता माऊस त्यांच्या हाताखाली ढकलला. सरांनीही काही न बोलता उजवा डोळा मिटून घेतला, जणू विचार करताना तो मिटायचाच असतो.

पडद्यावर सरांची डावी बाजू उलटी होऊन उजवीवर बसली होती. दोन्ही गाल सारखे, उंच, एखाद्या पुतळ्याचे असावेत तसे. सर बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "हेच छाप."

"अजून तपासायचंय, सर. तुकडा इथे नेला तर कडा जुळत नाहीत. कपाळाकडच्या बाजूला फट राहते. आणि कडा जुळवल्या तर गाल अडीच मि.मी. मागे जातो."

"म्हणजे मध्यरेषा चुकलीय. हलव."

"किती?"

"फट जाईपर्यंत."

मिमीने रेषा हलवली. फट गेली.

"झालं," सर म्हणाले.

"आता नाक चुकतंय, सर."

"माझं नाक सरळ आहे."

"म्हणूनच चुकतंय."

सरांनी डावा डोळा मोठा करून तिच्याकडे पाहिलं. एरवी त्या नजरेने शिकाऊ डॉक्टरांना घाम फुटायचा, पण एका डोळ्याची नजर तेवढी भेदत नाही असं मिमीच्या ध्यानात आलं. "सर, डोळ्याच्या तळाचंही बघायचं आहे," तिने म्हटलं. "तिथली पट्टी..."

"डोळ्याचं डोळेवाले बघतील. तू गालाचं बोल."

त्यानंतर सर रोजच खाली यायला लागले. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालायचे. हा ठिपका वर घे, तो खाली घे, ही रेषा कानापासून धर, नको, दातांपासून धर. ज्या माणसाने आयुष्यभर पेशंटच्या दोन मिलिमीटरची वासलात लावली, तो स्वतःच्या पाव मिलिमीटरसाठी खुर्चीतून उठत नव्हता. मिमी सगळं करून बघायची. दर वेळी हाड तेच सांगायचं: तुकड्याच्या कडांना पूर्वीची जागा आठवत होती आणि ती जागा सरांना हव्या असलेल्या जागेच्या मागे होती. इतक्या फेऱ्यांत सरांनी डोळ्याचा विषय एकदाही काढला नाही. चहाचा कप मात्र ते आता दोन्ही हातांनी धरत. आधी एका हाताने टेबल चाचपायचे, मग दुसरा न्यायचे.

घरी आईने विचारलं, "तुमच्या त्या सरांचं नाक कसं आहे?"

"नाक ठीक आहे, आई," मिमी म्हणाली. "नाकाचीच काय ती काळजी नाही."

मग एका दुपारी सरांची बायको खाली आली. उंच, सडपातळ, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. हातात नवऱ्याचा धुतलेला पायजमा होता. खुर्चीवर बसून तिने पडद्याकडे पाहिलं आणि नकाशा तपासावा तशी मान तिरकी केली.

"हे कोण?"

"सर आहेत, मॅडम. म्हणजे ऑपरेशननंतर. सरांना हवेत तसे."

"हे आमचे नव्हेत," बाई म्हणाली. "यांचा उजवा गाल पहिल्यापासून बसका. मी जेवायला यांच्या उजव्या हाताला बसते. लग्नापासून तोच गाल बघतेय. तुम्ही हा जो लावलाय तो कोणा दुसऱ्याचा दिसतो."

"सर म्हणतात दोन्ही सारखेच होते."

"ते म्हणणारच. फोटो काढायचा म्हटला की हे गर्रकन डावीकडून उभे. आमच्या लग्नाच्या फोटोत मी समोर बघतेय आणि हे खिडकीकडे. लोक विचारायचे, खिडकीत कोण होतं?" तिने पायजम्याची घडी पुन्हा घातली. "मधे सर्दीने बेजार झाले होते, तेव्हा डोक्याचा स्कॅन काढला होता ना? इथेच काढला असेल. फुकट कोण सोडतंय."

मिमीच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. जुन्या स्कॅनच्या साठ्यात तिने शोधलं. दांडा पडायच्या कितीतरी आधीची, धड, न मोडलेली कवटी समोर आली. तिने मापं घेतली. उजवा गाल डाव्यापेक्षा अडीच मिलिमीटर मागे. आणि उजव्या डोळ्याची खोबणही डावीपेक्षा जराशी लहान. बाईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग मी काय म्हणाले?"

पण मिमीचं लक्ष खोबणीवर अडकलं होतं. सरांना हवा तसा गाल पुढे ओढला तर गालाबरोबर खोबणीची भिंतही बाहेर जाते. खोबण मोठी होते. आतला डोळा तेवढाच राहतो. मोठ्या खोबणीत तो मागे सरकतो, खाली उतरतो, आणि आधीच वाकडा चाललेला डोळा आणखी वाट चुकतो. गाल साजरा करायचा म्हणजे डोळ्याला पणाला लावायचं. हे मिमीला कळायला एक दुपार लागली. सरांना ते पहिल्या मिनिटाला कळलं असणार. तिने ते मनात घोळवलं आणि तिला जरा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा जुना स्कॅन पडद्यावर होता. वरचं नाव तिने झाकलं नव्हतं, पण दोन-दोन दिसणाऱ्या माणसाला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

"हा कोण?" सरांनी विचारलं. मग पुढे वाकले, उजवा डोळा मिटला. खालच्या जबड्यात, मागे, एका दाढेत चांदी चमकत होती. सर मागे टेकले. "ती दाढ माझी आहे."

"हो, सर."

"कोणी सांगितलं तुला हे शोधायला? हिने?"

मिमीने दाढेवरून बाण बाजूला घेतला.

"बसकाच आहे," सर म्हणाले. आवाज खाली आला होता. "कॉलेजात मला पोरं पंक्चर म्हणायची. उजवा टायर पंक्चर. मी मनावर घेतलं नाही. फक्त डावीकडून फोटो काढायला लागलो. आता म्हटलं, नाहीतरी उघडणारच आहेत, तर करून घ्यावा सारखा. एकदा समोरून फोटो काढावा."

मिमीने तिला येत होतं तेच केलं. दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी लावले, खोबणीला रंग दिला आणि आकडे वाचून दाखवले. सरांनी ऐकून घेतलं. ते उठले, कोटाची बटणं लावली, एक बटण शेजारच्या काजात गेलं.

"माझा गाल आहे," ते म्हणाले. "सारखा कर." आणि निघून गेले.

धाकट्या डॉक्टरांनी ही हकिकत ऐकली तेव्हा ते सरांच्याच प्लास्टिकच्या कवटीवर पट्टी वाकवून बघत होते. हातातलं काम त्यांनी थांबवलं नाही.

"पेशंटला हवं ते करावं की नको?" मिमीने विचारलं.

"हवं ते करावं," धाकटे डॉक्टर म्हणाले. "पण त्याने एक डोळा गेल्यासारखं व्हायचं असेल तर मी करणार नाही. सरांना एवढं सांगायला पाहिजे."

"कोण सांगणार?"

"मीच सांगणार," ते म्हणाले आणि बसून राहिले. पट्टी एकदा वाकवली, एकदा सरळ केली. "तुम्ही येता का बरोबर? आकडे तुमचे आहेत."

दोघं वर गेले. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. झगा एका खांद्यावरून घसरला होता आणि एरवी ज्या सिस्टरला त्यांच्यासमोर ब्र काढता यायचा नाही, तीच त्यांना दटावून गोळी गिळायला लावत होती. सरांची बायको खिडकीजवळ बसली होती. धाकटे डॉक्टर दारातच थांबले. कवटी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. टेबलावर ठेवायला मोकळी जागा होती, पण त्यांना ती दिसली नसावी.

"काय?" सर म्हणाले. "माझं डोकं घेऊन कुठे निघालास?"

"सर, प्लॅनबद्दल."

"ठरलाय प्लॅन."

"नाही, सर."

सिस्टरने पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला आणि जाण्याऐवजी थांबली.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो, सर. गाल पूर्वीच्या जागी जाईल. डोळ्याचा तळ आधी, मग गाल. तुम्हाला सारखाच हवा असेल तर दुसरा सर्जन शोधायला लागेल." धाकट्या डॉक्टरांचा आवाज इतका बारीक होता की शेवटचं वाक्य ऐकायला सरांना पुढे वाकायला लागलं.

"हे असं बोलायला तुला कधीपासून येतं?"

"आत्तापासून, सर."

सरांनी मिमीकडे पाहिलं, म्हणजे मिमीच्या थोडं शेजारी पाहिलं. "आणि तू? तुझं काय म्हणणं? मोजून सांग."

"सर, तुम्ही रोज खाली येता," मिमी म्हणाली. "गालाचं सगळं विचारता. डोळ्याचं एकदाही विचारलं नाहीत."

"त्यात विचारायचं काय आहे?"

"मला वाटलं, विचारलंत तर मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून विचारत नसाल."

सर स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना किती हात दिसत होते कोण जाणे. त्यांची बायको उठली, झगा खांद्यावर सारखा केला आणि मागची नाडी बांधायला लागली.

"बरं, विचारतो," सर म्हणाले. "एकच दिसेल का मला पुन्हा?"

मिमीने नेहमीसारखं तोंडात आलेलं 'मि.मी.' मागे ढकललं. "तळ जागेवर बसेल, सर. खोबण पूर्वीएवढी होईल, हे मी नक्की सांगते. अडकलेलं मांस सुटेल. पुढे स्नायू कसे वागतील ते मला मोजता येत नाही."

"मलाही येत नाही," सर म्हणाले. "तरी तीस वर्षं लोकांना ते ठणकावून सांगत आलो." मग बायकोला म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

"मला जेवताना ओळखीचा माणूस शेजारी हवा," ती म्हणाली आणि नाडीची गाठ मारली. "घट्ट झाली का?"

"ठीक आहे," सर म्हणाले. गालाबद्दल की नाडीबद्दल हे कोणी विचारलं नाही. मग त्यांनी हात पुढे करून कवटी मागितली. धाकट्या डॉक्टरांनी ती दिली. सरांनी उजव्या गालावरून अंगठा फिरवला, वळणाशी थांबले आणि म्हणाले, "इथली पट्टी एवढी वाकवू नकोस. ताणली जाईल."

"हो, सर," धाकटे डॉक्टर म्हणाले, आणि तेवढ्याने सगळ्यांनाच बरं वाटलं.

ऑपरेशन झालं. मिमी थिएटरमध्ये पडद्यापाशी उभी होती. भूल चढेपर्यंत सर सूचना देत होते. चौथी सूचना अर्धीच राहिली. त्यानंतर धाकट्या डॉक्टरांनी एक खोल श्वास घेतला आणि जे मागितलं ते मोठ्याने, स्पष्ट मागितलं. सिस्टरने एकदा दचकून त्यांच्याकडे पाहिलंही. आधी भोकातलं मांस सोडवलं, तळाला पातळ जाळी घातली, मग गालाचा तुकडा उचलला. कडा एकमेकींत बसल्या. मिमीने टेबलावरच काढलेला ताजा स्कॅन मोजला: गाल जुन्या जागेपासून अर्धा मिलिमीटर. ती ते बोलली, आणि कोणी आपल्याकडे बघू नये म्हणून ती आकडे पुन्हा वाचायला लागली.

डोळ्याने वेळ घेतला. पहिले काही आठवडे सरांना जगात सगळंच दुप्पट होतं. बायकोही. "एकीलाच पुरे पडत नव्हतो," ते म्हणाले. मग हळूहळू खालचं एक झालं. पुस्तक एक झालं, ताट एक झालं, सुईत दोरा ओवता आला, त्या दिवशी त्यांनी धाकट्या डॉक्टरांना फोन करून नुसतं "ओवला" एवढंच सांगितलं आणि ठेवला. समोरचंही एक झालं. वरचं मात्र राहिलं. छताकडे पाहिलं की पंखे दोन, उंच माणसाला डोकी दोन. डोळेवाल्यांनी तपासून सांगितलं की आता यात फारसा फरक पडायचा नाही.

सर्जनला छताकडे बघायचं काम नसतं. सर परत कामावर आले. मात्र डोळ्याचा तळ फुटलेले पेशंट त्यांनी धाकट्या डॉक्टरांकडे सोपवले, न बोलता, एकेक करून. पेशंट आरसा घेऊन कुरकुरत आला तर सासूचं वाक्य ते अजूनही बोलायचे, पण आधी आरसा हातात घेऊन नीट बघायचे आणि कधी कधी म्हणायचे, "हो, दिसतंय खरं."

वरचं दुहेरी टाळायचा एक उपाय त्यांनी आपोआप शोधला. हनुवटी उचलून चालायचं. हनुवटी वर असली की डोळ्यांना कायम खालीच बघावं लागतं आणि खाली सगळं एकेकच होतं. त्यामुळे नव्याने लागलेल्या सिस्टर आपसांत म्हणायच्या, मोठे सर म्हणजे काय तोरा, मान बघा. जुन्या माणसांनी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही, कारण सरांनीच बजावलं होतं. "गर्विष्ठ म्हणतात तर म्हणू देत. त्याची सवय आहे."

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये लावायला नवा फोटो काढायचा ठरला तेव्हा सर समोरून उभे राहिले. फोटोग्राफर शिडीवर चढला आणि म्हणाला, "सर, हनुवटी जरा खाली." सरांनी ती खाली केली. त्यांना दोन फोटोग्राफर दिसले आणि ते चुकीच्याकडे बघून हसले. तोच फोटो लागला. त्यात उजवा गाल बसका दिसतो. सरांची बायको म्हणाली, लग्नातल्यापेक्षा चांगला आलाय, निदान खिडकीकडे नाही बघत.

सोमवारी सगळ्या विभागाची बैठक वरच्या हॉलमध्ये भरायची. तिथला मोठा पडदा भिंतीवर उंच टांगलेला होता. मिमी पेशंटची मापं दाखवत होती आणि सर पहिल्या रांगेत हनुवटी वर करकरून, मान जवळजवळ पाठीला लावून बघत होते. एका आजीच्या गालाबद्दल त्यांनी विचारलं, "यातली खरी रेषा कोणती?" पडद्यावर रेषा एकच होती. काही शिकाऊ डॉक्टरांना सर आपली परीक्षा घेताहेत असं वाटलं आणि त्यांनी वह्या चाळायला सुरुवात केली. "खालची, सर," मिमी म्हणाली आणि पुढे गेली.

त्याच आठवड्यात तिने सुताराला बोलावलं. सुतार म्हणाला, पडदा इतका खाली घेतला तर मागच्यांना दिसणार नाही. ती म्हणाली, घ्या.

पुढच्या सोमवारी मागच्या रांगांतून कुरकुर सुरू झाली. "काहीच दिसत नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग पुढे या," धाकटे डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. खुर्च्या ओढत, एकमेकांच्या पायांवर पाय देत माणसं पुढे सरकली.

सर उशिरा आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवर वर राहिलेल्या जुन्या खिळ्यांच्या भोकांकडे. ती चार होती की आठ, हे त्यांचं त्यांना माहीत. ते बसले, मान सरळ केली आणि मिमीला म्हणाले, "चला. पहिला पेशंट."